कोपऱ्यात किती ठेवलं?

साकोलीत हायवे सोडून थोडं आत वळलं की आमचं बिछायत केंद्र लागतं. बाहेरच्या लोकांना हा शब्द नवा वाटतो म्हणून सांगते. लग्न, बारसं, गावची मंडई म्हणजे जत्रा, तेराव्या दिवसाची तेरवी, पुढाऱ्याची सभा, काहीही असो, त्याला लागणारा मांडव, खुर्च्या, सतरंज्या, पाण्याचे गुंड आणि स्वयंपाकाची मोठाली भांडी, ज्यांना आम्ही गंज म्हणतो, हे सगळं आम्ही भाड्यानं देतो. लोकांना वाटतं हा खुर्च्यांचा धंदा आहे. तसं नाही, तो तारखांचा धंदा आहे. खुर्च्या बाजारात वाटेल तेवढ्या मिळतात. वैशाखातली चांगली तारीख मात्र एकच असते आणि अख्ख्या तालुक्याला त्याच दिवशी लग्न करायचं असतं.

या धंद्यात माणसं फार जवळून दिसतात. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेल्या एका साहेबांनी मुलाच्या लग्नात खुर्च्यांच्या रांगा दोरी धरून सरळ लावून घेतल्या होत्या. वऱ्हाड आलं आणि बायकांनी खुर्च्या ओढून गोल करून गप्पा सुरू केल्या. साहेब दोरी हातात घेऊन बघत राहिले. आंधळगावच्या एका गृहस्थांच्या मुलीचं लग्न साकोलीला, तिच्या आजोळी व्हायचं होतं. ते आधी गोदामात आले आणि एकेका खुर्चीवर बसून पाहू लागले. व्याह्यांकडची माणसं वजनदार आहेत, असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. या गृहस्थांची गोष्ट पुढे यायची आहे.

केंद्र माझ्या सासऱ्यांनी सुरू केलं. आम्ही सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा मामाजींनी मला स्वयंपाकघराच्या आधी गोदाम दाखवलं. सगळं सामान रचून ठेवलेलं, आणि मागच्या कोपऱ्यात थोडं वेगळं: एक मोठी ताडपत्री, मांडवाच्या बल्ल्या, काही खुर्च्या, दोन सतरंज्या, गुंड, गंज. गंजांच्या कड्यांना पांढरी सुती दोरी बांधलेली. खुर्च्यांच्या गठ्ठ्यालाही तीच. मी विचारलं, हे कोणाचं बुकिंग आहे?

"ज्याच्या घरी मरण होईन त्याचं," मामाजी म्हणाले. "लगन सांगून येते, बाई. मरण सांगून येत नाई. जे सांगून येत नाई त्याच्यासाठी आधीच ठेवा लागते."

आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं पाहिला आहे त्याला हे जास्त समजावून सांगायला नको. घरात माणूस गेलेला असतो, लेकी दूरवरून यायच्या असतात, त्या येईपर्यंत अंगणात शे-दीडशे माणसं डोक्यावर ऊन घेऊन उभी असतात. अशा वेळी आधी सावली लागते, मग पाणी, मग म्हाताऱ्यांना टेकायला खुर्ची. ते सगळं कोपऱ्यातून जायचं. त्याचं भाडं ठरलेलं नव्हतं. तेरवी झाल्यावर घरचे लोक जे देतील ते, आणि काही नाही दिलं तरी कोणी विचारत नसे. पण कितीही मोठं लग्न असो, गिऱ्हाईक कितीही जवळचं असो, कोपऱ्याला हात लागायचा नाही. लग्नाला सामान कमी पडलं तर मामाजी स्वतः दुसऱ्या केंद्रावर जाऊन उसनं आणत, पण पांढरी दोरी सोडत नसत.

मी पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला होता. लग्नाआधी एका क्लासमध्ये शिकवतही होते. मग संसार, पोरं, आणि दुकानाचा फोन. माझ्या शिक्षणाला गंज चढला, आणि गंजांच्या दुकानात तो शोभूनही दिसला.

मामाजींच्या डोक्यात सगळ्या तारखा असत. पुढे पायानं अधू झाले, मग नावं विसरू लागले, तेव्हा तारखा माझ्याकडे आल्या. मिस्टर बाहेर मांडव घालायला आणि मी फोनवर. दोघांनी एकाच दिवशी एकच सामान दोन ठिकाणी कबूल करण्याचे प्रसंग वाढले. नागपूरच्या भाच्यानं एक ॲप सुचवलं. भाड्याचा धंदा करणाऱ्यांसाठीच बनवलेलं, कोणतं सामान कोणत्या दिवशी कुठे आहे ते मोबाइलवर दिसायचं. पहिलं वर्ष फुकट होतं. मला ते खरंच आवडलं. खोटं कशाला बोलू, वर्षभर मी त्याचे गोडवे गायले.

दुसऱ्या वर्षी महिन्याचे पैसे सुरू झाले, ते भरले. मग कळलं की मिस्टर आणि मी दोघांनी पाहायचं तर दोन माणसांचे पैसे. ड्रायव्हरनं पाहायचं तर तिसऱ्याचे. मग एक दिवस ऐन लग्नसराईत ॲप उघडलं तर समोर फक्त पैसे भरायचा चौकोन, आणि त्याच्या मागे धुक्यात दिसाव्या तशा माझ्याच तारखा. कार्डात काहीतरी अडकलं होतं म्हणून हप्ता कटला नव्हता. भरेपर्यंत एकही बुकिंग दिसेना. दारात टेम्पो भरायला उभा आणि कुठे जायचं ते कोणाला माहीत नाही.

त्या दिवशी मी रागावले खरी, पण नंतर स्वतःशीच विचार करत बसले की माझा राग बरोबर आहे का. आमची भाकर भाड्यावरच आहे. माणसाकडे स्वतःचे गंज नसतात म्हणून तो आमच्याकडे येतो. मग मला कोणी भाडं मागितलं तर पोटात का दुखावं? बरेच दिवस हा काटा माझ्या मनात होता. शेवटी मला वाटलं ते असं: आम्ही गंज देतो आणि गंज परत आणतो. त्यात शिजलेला भात आमचा नसतो, लग्न आमचं नसतं. भाडं थकलं म्हणून आम्ही कोणाला त्याच्या लग्नाची तारीख विसरायला लावत नाही. इथे माझ्या तारखा, माझ्या गिऱ्हाइकांची नावं, मीच भरलेली, आणि ती पाहायला मलाच दर महिन्याला कोणाचा तरी दरवाजा वाजवायचा. हे भाडं नव्हतं, हे आपल्याच घरात पाहुणं होणं होतं.

तरी मी ते चालवून घेतलं असतं. आपण किती गोष्टी चालवून घेतो. पण मग आंधळगावच्या गृहस्थांच्या मुलीचं लग्न आलं.

ॲपमध्ये सामान भरताना ते विचारायचं, तुमच्याकडे एकूण किती आहे. मी गोदामात जाऊन होतं ते सगळं मोजून भरलं होतं, कोपऱ्यासकट. पहिली दोन वर्षं काही बिघडलं नाही, कारण तेवढं सगळं कधी एकदम लागलंच नाही. या लग्नात वजनदार व्याह्यांची माणसं अचानक वाढली. मिस्टरांनी लग्नघरूनच मोबाइल पाहिला. ॲप म्हणालं, शिल्लक आहे. त्यांनी कबूल केलं आणि ड्रायव्हरला गोदामात पाठवलं.

मामाजी तेव्हा दिवसभर पडवीत बाजेवर असत. कोणाला ओळखायचे, कोणाला नाही. पांढऱ्या दोरीचा पहिला गंज बाहेर येताना त्यांनी पाहिला आणि काठी टेकत उठून टेम्पोच्या फळीवर जाऊन बसले. हमाल थांबले. मी धावत गेले. त्यांना उठवायला हात धरला तर म्हणाले, "हे सामान लगनाचं नोहे." एवढंच, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, मामाजी, दोन दिवसांत परत येते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी मला ते नीट ओळखत होते.

"मी असताना हे चाल्लं," ते म्हणाले. "माह्यामागं कोपरा राहीन का नाई, सांग मले."

मी हमालांना हात केला. सामान कोपऱ्यात परत गेलं. लग्नाला हायवेवरच्या गजाननभाऊंच्या केंद्रातून गंज उसने आणले. गजाननभाऊ म्हणजे आमचे प्रतिस्पर्धी. पंधरा-वीस वर्षांत त्यांनी आमची कितीतरी गिऱ्हाइकं पळवली होती आणि आम्ही त्यांची. गंज दिले, पण हसून म्हणाले, "तुमच्याजवळ ठेवलेले असून मले मांगून राहिले वहिनी, कमाल आहे." कोपरा ही म्हाताऱ्याची खुळी सवय आहे, असं ते चारचौघांत बोलत, ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ॲपवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. मुलगी गोड बोलणारी होती. मी म्हटलं, काही सामान असं बाजूला ठेवायचं आहे की ते शिल्लक म्हणून दिसू नये. तिनं विचारलं, कोणत्या तारखेसाठी? म्हटलं, तारीख नाही. तिनं विचारलं, कार्यक्रम कोणता? मी सांगितलं. ती तितक्याच गोड आवाजात म्हणाली की अशी सोय आहे मॅडम, पण ती वरच्या प्लॅनमध्ये आहे.

तिची काय चूक? तिच्यापुढे लिहिलेलं ती वाचत होती. पण फोन ठेवल्यावर मी स्वतःशी म्हटलं: जे मामाजींनी आयुष्यभर कोणाला न विचारता दिलं ते बाजूला ठेवण्यासाठी मी दर महिन्याला जास्तीचे पैसे भरायचे. त्या दुपारी मी पोरांचा जुना लॅपटॉप काढला.

मी काय बनवलं ते सांगायला फार मोठं नाही. इंटरनेटवरचं एक साधं पान. महिन्याचे चौकोन, प्रत्येक चौकोनात त्या दिवशी कुठे काय गेलं आहे ते. एकूण सामानातून गेलेलं वजा केलं की शिल्लक. तिसरीतल्या पोराचं गणित आहे. कठीण गेलं ते माझ्या विसरलेल्या विद्येला. व्हिडिओ बघून, चुकत, पुसत, दुकानाच्या फोनला उत्तरं देत ते उभं राहायला अख्खा पावसाळा गेला. एकदा चमच्यांची शिल्लक शून्याच्या खाली दिसायला लागली. मी हवालदिल झाले. मिस्टर म्हणाले, हे मात्र अगदी बरोबर आहे, चमचे आपल्या धंद्यात नेहमी शून्याच्या खालीच असतात. त्यांनी मला नंतर एकदाही विचारलं नाही की हे कशाला करतेस, आणि भात-भाजी स्वतः करायला शिकले, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे.

दिवाळीनंतर मंडयांचे दिवस आले. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, दंडारीचा खेळ असतो, नाटक असतं, लेकी-जावई येतात. गिऱ्हाईक फोनवर तारीख सांगतच नाही. ते म्हणतं, आमच्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी पाहिजे. ॲपला हे कधी कळलं नसतं. माझ्या पानात मी गावांच्या मंडया आधी टाकून ठेवल्या. गावाचं नाव लिहिलं की दिवस समोर यायचा. पहिल्यांदा ते बरोबर चाललं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

कोपरा मी पानात कुठेच टाकला नाही. पण मग मला वाटलं, मी आहे तोवर ठीक, उद्या सून येईल, ती पहिल्या दिवशी सगळं मोजून भरेल, माझ्यासारखंच. म्हणून सामान भरायच्या जागी मी एक प्रश्न घातला. "कोपऱ्यात किती ठेवलं?" त्याचं उत्तर दिल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. जे कोपऱ्यात म्हणून लिहाल ते एकूणातून जातं आणि पुन्हा कुठेच दिसत नाही. ना मालकाला, ना दुसऱ्या कोणाला.

ते पान मागायला सगळ्यांत आधी कोण यावं? गजाननभाऊ. त्यांचंही त्याच ॲपशी बिनसलं होतं. मला आधी मजा वाटली. मग म्हटलं, आपणही त्यांचे गंज आणतोच की. पान असं केलं की सगळ्यांची शिल्लक सगळ्यांना दिसावी, म्हणजे उसनं मागायला चार फोन नकोत. गजाननभाऊ माझ्यासमोर बसून सामान भरू लागले आणि त्या प्रश्नापाशी अडले.

"हे कायले व वहिनी? माह्याकडं कोपरा-बिपरा नाई."

मी म्हटलं, मग आजपासून ठेवा. ते कुरकुरले, शून्य लिहून पाहिलं. शून्य चालत नव्हतं, ते मी मुद्दाम केलं होतं. शेवटी त्यांनी काहीतरी आकडे टाकले आणि पान पुढे गेलं. मला कळत होतं की ते आकडे सुटका करून घेण्यासाठी होते. कॉम्प्युटर गोदामात जाऊन बघत नाही.

मग लाखनीचे केंद्रवाले आले, मोहाडीचे आले. भाचा म्हणाला, मामी, आता महिन्याचे थोडे थोडे घ्यायला लाग. मी खूप विचार केला. पैशांना मी नावं ठेवत नाही, सर्व्हरचा खर्च मलाही येतो. पण पैसे घेतले की एखाद्याचे थकणार, थकले की मी दार बंद करणार का? त्याच्या तारखा धुक्यात टाकणार का? मला ते जमलं नसतं. वर्षातून एकदा सगळे मिळून खर्च वाटून घेतो, मंडईच्या वर्गणीसारखा. ज्याला जमलं नाही त्याचं पान चालूच राहतं. भाच्याच्या मते मला धंदा कळत नाही. असेलही.

मामाजींना मी लॅपटॉप पडवीत नेऊन पान दाखवलं होतं. त्यांनी चौकोनांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "याच्यात कोपरा कुठी दिसते?" मी म्हटलं, दिसत नाही मामाजी, म्हणूनच तो आहे. त्यांना पटलं की नाही कोण जाणे. त्यांनी मान फिरवली आणि गोदामाच्या दाराकडे पाहत राहिले.

मामाजी गेले ते या वैशाखात, सकाळी, चहा मागून तो यायच्या आत. तो दिवस मोठ्या तिथीचा होता, गावात ज्याच्या-त्याच्या दारी लग्न. आमचं सगळं सामान बाहेर होतं. आणि कोपराही रिकामा होता, कारण आदल्याच दिवशी लाखनी रस्त्यावरच्या एका घरी तरणा माणूस गेला होता आणि पांढऱ्या दोरीचं सामान तिथे होतं. त्यांच्या मुंबईच्या भावाची वाट पाहणं चालू होतं. ते काढून आणा असं कोण म्हणणार? मामाजींनीच काठी उगारली असती.

नणंदा गोंदियाहून आणि बालाघाटहून यायच्या होत्या. दहाच्या आत अंगण भरलं. ऊन चढलं. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याच्या दुःखावर सावली धरली त्याच्या अंगणात लोक डोक्यावर टॉवेल घेऊन भिंतीच्या कडेला सरकत होते. मिस्टर मामाजींपाशी बसलेले, त्यांना मी काही बोलले नाही. मी आत गेले आणि मोबाइलवर पान उघडलं. आमचं लाल. गजाननभाऊंचं लाल. लाखनी, मोहाडी, सगळे चौकोन लाल. कोणाकडे एक खुर्ची शिल्लक नव्हती. मी मोबाइल पालथा ठेवला आणि पहिल्यांदा रडले, आणि खरं सांगायचं तर मामाजींसाठी नाही, त्या लाल चौकोनांसाठी रडले.

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मला वाटलं, कुठल्या तरी लग्नाचं सामान चुकून इकडे आलं. दारात आले तर गजाननभाऊ स्वतः फळी उघडत होते. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी बल्ल्या उतरवल्या, ताडपत्री ताणली, दोऱ्या आमच्याच खिडकीच्या गजांना बांधल्या. अंगणात सावली पडली. म्हातारी माणसं खाली बसली. गुंड भरले गेले.

मी जवळ जाऊन म्हटलं, भाऊ, तुमचं तर सगळं बाहेर आहे. पानावर मी पाहिलं.

"सकाळी लाखनी रोडनं येऊन राहिलो होतो," ते म्हणाले. "तुमचं पांढऱ्या दोरीचं सामान त्या घरी दिसलं. घरी आलो तं समजलं का काकाजी गेले." मग माझ्याकडे न बघता, "पानावर कसं दिसन वहिनी? तुम्हीच तं तसं केलं."

माझंच पान, आणि मीच त्याला खरं धरून रडत बसले होते.

मामाजींना नेलं तोवर गजाननभाऊ होते. जाताना 'येतो' म्हणाले नाहीत, मरणाच्या घरून कोणी तसं म्हणत नाही, नुसती मान हलवून गेले. संध्याकाळी मी त्यांचं सामान आवरायला लागले. गंज ओळीनं पालथे घातलेले होते. प्रत्येकाच्या कडीला पांढरी दोरी होती, घट्ट दोन गाठी मारलेली.

आमच्या कोपऱ्यातली दोरी इतक्या वर्षांच्या हातांनी पिवळी पडली आहे. ही पांढरीशुभ्र होती, आमच्याआधी कोणाच्याच दारी न गेलेली.